तिसरी रिंग

सकाळी नऊच्या ठोक्याला फोन दोनदा वाजायचा आणि गप्प व्हायचा. तो कुणी उचलायचा नाही, असा घरचा नियमच होता.

पहिली रिंग म्हणजे आई उठली. दुसरी म्हणजे आई ठीक आहे. मग लेक असेल तशी, एका कडेवर नऊ महिन्यांची चिमी आणि हातात खिमटाचा चमचा घेऊन, आईचा नंबर फिरवायची, कानाशी दोन रिंग मोजायची आणि रिसीव्हर ठेवून द्यायची. म्हणजे इकडेही सगळं जागच्या जागी आहे. एवढ्यावर दोघींचा दिवस सुरू व्हायचा.

हे आईचंच डोकं. आई एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. दोन वर्षांपूर्वी ती न्हाणीघरात घसरून पडली आणि तीन तास कुणाला पत्ता नव्हता. तेव्हा लेकीने रोज सकाळी फोन करायचा हट्ट धरला होता.

"रोज बोललं की तू विचारशील, गोळी घेतली का. मी म्हणणार, घेतली," आई म्हणाली होती. "रिंगमध्ये खोटं बोलता येत नाही. दोन वाजल्या की मी उभी आहे एवढं समज. तिसरी झाली तर उचल, काहीतरी काम आहे."

दोन वर्षांत तिसरी कधी झाली नव्हती. आईची बोटं एक्स्चेंजच्या शिस्तीत घडलेली. दोन म्हणजे दोन.

आईकडचा फोन बदलायचा हट्टही लेकीचाच. जुन्या तारेवर खरखर वाढली होती. एकदा फोन तीन दिवस मुका पडला तेव्हा हिने तीन दिवस सकाळी बसने आईकडे खेटे घातले होते. कंपनीचा माणूस म्हणाला, तार आता कुणी दुरुस्त करत नाही, सगळ्या गल्लीने इंटरनेटच्या डब्यावर चालणारा फोन घेतलाय. मग तिने नेहमीप्रमाणे वहीत दोन रकाने आखले, फायदे आणि तोटे. चिमीच्या प्रत्येक लसीला, प्रत्येक नव्या फळाला असे रकाने आखायची तिला सवयच होती. नवरा म्हणायचा, "तू विमा कंपनीत असायला हवी होतीस."

तोट्यांच्या रकान्यात तिने एकच ओळ लिहिली होती. वीज गेली तर बंद. आणि पुढे कंसात, बॅटरी घेणे.

आईने चष्म्यावरून त्या ओळीकडे पाहिलं होतं. "आमच्या एक्स्चेंजमध्ये बॅटऱ्यांची एक आख्खी खोली होती. माझ्या कमरेएवढ्या उंच बॅटऱ्या. शहर अंधारात बुडालं तरी फोनला त्या खोलीतून वीज जायची. तुझ्या या डब्याला कोण देणार?"

"हा दुसरा डबा देणार. बॅटरीचा. चार तास चालतो."

"म्हणजे डब्याला सांभाळायला डबा."

"आई."

"लाव गं, लाव. तुझ्या जिवाला बरं वाटत असेल तर लाव."

डबा लागला. खरखर गेली, पण त्याबरोबर बोलण्यातली लयही गेली. शब्द पलीकडे अर्ध्या क्षणाने पोचायचे. दोघी एकदम बोलायला लागायच्या, दोघी एकदम थांबायच्या. "तू बोल." "नाही, तू बोल." मग पुन्हा दोघी एकदम. आई म्हणायची, "विहिरीच्या तळाशी बसून बोलतेस का?" कधी फोन लागला नाही की एका बाईचा छापील गोड आवाज यायचा, आपण फिरवलेला क्रमांक सध्या उपलब्ध नाही. आईचा त्या बाईवर विशेष राग. "हिने एक दिवस ड्युटी केलेली नाही. केली असती तर अशी गोड बोलली नसती."

पण नऊला दोन रिंग मात्र बिनचूक यायच्या. दीड महिना असाच गेला आणि तिने तोट्यांचा रकाना मनातून पुसून टाकला.

त्या दिवशी चिमीला सर्दी होती. आदल्या दिवशी थोडा ताप येऊन गेला होता, म्हणून ती सकाळपासून तिच्या कपाळाला हात लावत बसली होती. नवरा छापखान्यात सातलाच गेला होता. नऊ वाजले. फोन वाजला, एकदा. मग दुसऱ्यांदा. ती चिमीचं नाक पुसत होती. हात पुसून रिसीव्हरकडे जायला उठली, उलट दोन रिंग द्यायला.

फोन तिसऱ्यांदा वाजला.

ती जागच्या जागी उभी राहिली. चौथ्यांदा वाजला तेव्हा तिने झेप घालून उचलला.

"आई?"

पलीकडे काही नव्हतं.

"आई, बोल. काय झालं? आई?"

जुन्या तारेवर निदान खरखर असायची. कुणी बोललं नाही तरी पलीकडे खोली आहे, खोलीत हवा आहे, एवढं तरी कळायचं. या फोनवर शांतता म्हणजे नुसती शांतता. श्वास नाही, पंख्याचा आवाज नाही. आई पडलीय आणि रिसीव्हर लोंबकळतोय, का पलीकडे कुणीच नाही, काही ओळखायची सोय नाही.

तिला फोन ठेववेना. ठेवला आणि आईला तेवढ्यात एखादा शब्द फुटला तर? ती तशीच कानाला लावून उभी राहिली. एक मिनिट, दोन मिनिटं. चिमी पायाशी येऊन गाऊन ओढायला लागली. शेवटी तिने ठेवला आणि आईचा नंबर फिरवला. छापील बाई म्हणाली, आपण फिरवलेला क्रमांक सध्या उपलब्ध नाही. पुन्हा फिरवला. पुन्हा बाई. पाच वेळा, सहा वेळा.

आईकडे मोबाइल होता, पण तो कपाटात साड्यांखाली असायचा, बंद करून. तरी तिने तोही लावून पाहिला. मग आपल्या मोबाइलवरून नवऱ्याला. छापखान्यात मशीन सुरू असली की त्याला स्वतःचंच बोलणं ऐकू येत नाही, तिथे फोन काय ऐकू येणार. वाजून वाजून बंद झाला. तिने मोबाइल खुर्चीवर टाकला, चिमीला टोपी घातली, औषधाची बाटली आणि दोन लंगोट पिशवीत कोंबले आणि कुलूप लावून जिना उतरली. टॅक्सी कोपऱ्यावर मिळाली. मोबाइल खुर्चीवरच राहिला, हे तिला अर्ध्या रस्त्यात कळलं.

टॅक्सीत तिने स्वतःला समजावायचा प्रयत्न केला. काहीतरी काम असेल. साखर संपली असेल. पण काम असतं तर आई बोलली असती, आणि आई न बोलता राहिली असं एकतीस वर्षांत एक्स्चेंजमधल्याही कुणी ऐकलेलं नव्हतं. चिमी खिडकीच्या काचेला नाक लावून मजेत होती.

"जरा लवकर घेता का," ती म्हणाली.

"पुढचे सिग्नल सगळे बंद आहेत, ताई," टॅक्सीवाला म्हणाला. "त्या बाजूची लाइट गेलीय वाटतं."

तिने ऐकलं, पण ते डोक्यात शिरलं नाही.

आईचं घर घड्याळांच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर. घड्याळवाले काका साडेआठला शटर वर करायचे ते दुपारी जेवायलाच खाली ओढायचे. त्यांचं सगळं आयुष्य वेळेवर. आज शटर अर्धवट खाली ओढलेलं होतं आणि आत अंधार होता. ती घाईघाईने दोन जिने चढली. दाराला बाहेरून कुलूप. तिने आपल्याजवळच्या किल्लीने ते उघडलं.

"आई?"

स्वयंपाकघरात ओट्यावर अर्धा कप चहा होता, वर साय धरलेला. न्हाणीघर रिकामं. पलंग व्यवस्थित. टेबलावर आईचा चष्मा. चष्म्याशिवाय आई वर्तमानपत्राच्या मथळ्यालाही हात लावत नव्हती, ती चष्मा ठेवून जाईल कुठे? रिसीव्हर मात्र जागेवर होता. तिने तो कानाला लावला. मेलेला. शेजारच्या दोन्ही डब्यांवरचे दिवे विझलेले. पंख्याचं बटण दाबलं, पंखा हलला नाही. तेव्हा कुठे टॅक्सीवाल्याचं बोलणं डोक्यात शिरलं. वीज गेलीय. पण मग आई कुठेय?

ती खिडकीशी गेली. खाली फळांची गाडी लावणाऱ्या बाई आईला चांगल्या ओळखायच्या.

"मावशी, आईला पाहिलंत का?"

"आई होय?" बाईंनी मान वर केली. "घड्याळवाले स्कूटरवरून घाईघाईनं गेले बघा कुणाला तरी घेऊन. मागं बसणारी खाली मान घालून त्यांना धरून बसली होती. तोंड काही दिसलं नाही."

"कधी?"

"झाली की अर्धा तास. ते शटर बघा ना, तसंच टाकून गेले. मी म्हटलं, दवाखान्यात चालले असतील."

तिने खिडकीचा गज धरला. खाली मान घालून. म्हणजे बसताही येत नव्हतं धड. कुठल्या दवाखान्यात? जवळचा की मोठा? आणि कुणाला विचारायचं, कशावरून? मोबाइल घरी खुर्चीवर. हा फोन मेलेला. समोरच्या दाराला कुलूप. चिमीला पुन्हा उन्हात घेऊन दोन दवाखाने फिरायचे, की इथे थांबायचं? रकाने आखायला वही नव्हती. एवढंच कळत होतं की हा डबा मी आणला. तार असती तर फोन आत्ता चालू असता. आई म्हणाली होती. मी ऐकलं नाही.

आणि बॅटरी? चार तास चालणारी बॅटरी अर्ध्या तासात कशी मेली?

ती वाकून बघायला गेली तेवढ्यात डोक्यावर पंखा करकरला. वीज आली. फ्रिज गुरगुरला. दोन्ही डब्यांवर लाल दिवे लागले. तिने रिसीव्हर उचलला. अजून मेलेलाच. डब्याला जागं व्हायला वेळ लागतो, कंपनीच्या माणसाने सांगितलं होतं, चार-पाच मिनिटं. तेव्हा ती म्हणाली होती, एवढंच ना.

ती चिमीला मांडीवर घेऊन डब्यासमोर जमिनीवर बसली. डब्यावर चार दिवे होते, चारही हिरवे व्हायला हवेत. पहिला हिरवा झाला. दुसरा बराच वेळ लुकलुकत राहिला, जसा काही विचार करतोय. चिमी त्याला हात लावायला झेपावत होती, ती तिला मागे ओढत होती. हिरवा झाला. तिसरा. मनात तिने ठरवलं, चौथा झाला की आधी मोठ्या दवाखान्यात, मग जवळच्या. नंबर कुठून आणायचा? आईच्या वहीत असेल. आईची वही कुठेय? आईला वही लागत नाही, नंबर सगळे तोंडपाठ. एकेकाळी चारशे नंबर तोंडपाठ होते.

चौथा दिवा हिरवा झाला.

तिने हात पुढे केला आणि फोन वाजला.

हात हवेतच राहिला. फोन पुन्हा वाजला. दवाखान्यातून असेल. घड्याळवाले असतील. उचलायला हवा. तिने रिसीव्हरवर बोटं टेकवली, आणि फोन थांबला.

तिसरी झाली नाही.

ती वाट बघत राहिली. खोलीत फक्त पंखा आणि भिंतीवरचं घड्याळ. दोन रिंग. मधलं अंतर तेच, थांबणं तेच, कुठूनही ओळखू येईल असं, शिस्तीत तोडलेलं. जगात एकच माणूस अशी रिंग तोडतं.

तिचा जीव भांड्यात पडला, आणि असा पडला की ती चिमीच्या टोपीत तोंड खुपसून हसायला लागली. चिमी आधी घाबरली, मग तीही हसायला लागली.

पण रिंग आली कुठून? तिने दुसरा कुठलाच विचार केला नाही. आपल्या घरचा नंबर फिरवला. एक. दोन. इथे ठेवायचं. तिने ठेवला नाही. तिसरी झाली आणि पलीकडे उचलला गेला.

"दोनवर ठेवायचं ठरलं होतं ना?" आई म्हणाली.

"आई, तू माझ्या घरी काय करतेयस?"

"आणि तू माझ्या घरी काय करतेयस? तापलेल्या पोरीला घेऊन उन्हात निघालीस ना? मला माहीतच होतं. म्हणून तर मी तुला अडवायला आले."

"तू पडली नाहीस ना?"

"कशाला पडू?"

"फळवाल्या मावशी म्हणाल्या, तू मान खाली घालून..."

"मग काय वर घालू? हे घड्याळवाले स्कूटर चालवतात की सेकंदकाटा. मी डोळे मिटून बसले होते. चष्मा पण मुद्दाम ठेवून आले, फुटला असता. तुझं कुलूप हातानं चाचपडून उघडलं बघ."

मागून घड्याळवाल्यांचा आवाज आला, "ऑपरेटरबाई, बारा मिनिटांत आणलंय तुम्हाला. ते सांगा."

मग सगळं उलगडलं, थांबत थांबत, अर्ध्या क्षणाच्या अंतराने, एकमेकींच्या शब्दांवर पाय देत. आईने नऊला फोन लावला होता. दोन रिंग कानात मोजल्या आणि ठेवणार तोच वीज गेली. रिसीव्हर ठेवला, पण ठेवलाय हे पुढे सांगायला डबाच जिवंत नव्हता.

"जुन्या लाइनवर ठेवला की सुटली," आई म्हणाली. "तिथे मी डब्यापाशी उभी राहिले आणि विचार केला, आता लेकीकडे ही रिंग कोण थांबवणार? वाजतच राहणार. म्हणजे ही उचलणार. खाली जाऊन घड्याळवाल्यांच्या मोबाइलवरून तुला लावला, तर एंगेज. एंगेज म्हणजे उचललास. तीनदा लावला, तिन्हीदा एंगेज. म्हटलं, ही मेलेला फोन कानाला धरून उभी असणार."

"उभी होते," ती म्हणाली.

"मग माझा नंबर फिरवत बसणार."

"बसले होते."

"मग म्हटलं, ही घाबरून निघायच्या आत गाठते. तुझा मोबाइल नंबर काही तोंडपाठ नाही. तो त्या माझ्या मोबाइलमध्ये बटणाखाली आहे, आणि तो मेलाय. इथे आले तर कुलूप, आणि तुझा मोबाइल खुर्चीवर पडून जावयांचे फोन घेतोय. चार येऊन गेले. पाचवा मी उचलला. कसं उचलतात ते या घड्याळवाल्यांनी दाखवलं. जावयांना सांगितलं, सगळं ठीक आहे, तुमची बायको कुठेय तेवढं माहीत नाही. नंतर वाटलं, असं बोलायला नको होतं."

ती पुन्हा हसली. डोळे पुसले. "मग घरी फोन का नाही लावलास आधीच?"

"लावत होतेच की. दर पाच मिनिटांनी. त्या गोड बाईनं आज माझी खरोखर परीक्षा पाहिली. आत्ता लागला, तर हात आपोआप दोनवर थांबला. काय करू, सवय. आणि खरं सांगू? पलीकडे तू असशील तर दोनच पुरेत. बोलायला गेले असते तर मला नीट बोलता आलं नसतं."

या फोनवरच्या शांततेत काहीच ऐकू येत नाही हे खरं, पण तिला तिथे आई होती हे कळत होतं.

मग तिला आठवलं. "आई, बॅटरी. चार तास चालायला हवी होती."

पलीकडे काही नाही. या वेळी ते अर्ध्या क्षणाचं अंतर नव्हतं.

"आई?"

"अगं, ते रात्री बोर्ड बंद करते ना मी."

"कुठला बोर्ड?"

"सगळाच. एकतीस वर्षं ड्युटी संपली की एकेक स्विच बंद करूनच उठायचे. हात ऐकत नाही. झोपताना घरभर फिरते आणि सगळी बटणं बंद. त्या डब्यांचीही. हिरवे दिवे डोळ्यांवर येतात. सकाळी उठून पुन्हा लावते. नऊपर्यंत जागा होतो तो."

"म्हणजे दीड महिना रात्री तुझा फोन बंदच असतो."

"रात्री कोण फोन करतंय मला?"

"तू करशील, आई. काही झालं तर." दीड महिना ती निर्धास्त झोपली होती. "आणि भिंतीवरचं बटण बंद असलं की बॅटरी रात्रभर आपलीआपणच झिजत बसते. सकाळपर्यंत रिकामी. नऊपर्यंत तिला भरायला वेळच मिळत नसणार."

"असं होय," आई हळू आवाजात म्हणाली. "म्हणजे माझंच चुकलं म्हण."

"डबा मी आणला."

"बटण मी बंद केलं."

"तुम्ही दोघी हे उद्या वाटून घ्या," मागून घड्याळवाले म्हणाले. "माझं शटर अर्धं उघडं आहे."

ती उठली, फोनची वायर ताणत. आईच्या औषधांच्या डब्यात चिकटपट्टी होती, जखमेवर लावायची, रुंद. तिने दोन तुकडे तोडले आणि डब्यांच्या दोन्ही बटणांवर, चालू केलेल्या बटणांवर, आडवे घट्ट चिकटवले. अंगठ्याने कडा दाबल्या. दिव्यांवरही एकेक तुकडा लावला, म्हणजे रात्री आईच्या डोळ्यांवर येणार नाहीत.

"काय करतेयस? फाडल्याचा आवाज येतोय."

"तुझ्या बोर्डावर पट्टी लावतेय. हात गेला तरी पट्टी लागेल हाताला."

"जखमेची?"

"जखमेचीच."

"लाव. मला शोभेल ती." मग आई म्हणाली, "आणि घड्याळवाल्यांचा आणि तुझा मोबाइल नंबर मला लिहून ठेव. पाठ करते. चारशे राहायचे डोक्यात, दोनाला जागा होईल."

"ठेवते. आता तू तिथेच थांब, मी चिमीला घेऊन येते."

"तू काही निघू नकोस, पोरगी तापेल. मी येते, स्कूटर आहे."

"चष्म्याशिवाय पुन्हा स्कूटरवर? अजिबात नाही. मी टॅक्सीनं येते."

"पुन्हा चुकामूक करायची का आपण?"

"मग तूच थांब."

"तूच थांब म्हणतेय मी."

दोघी एकदम बोलल्या, दोघी एकदम थांबल्या. तिकडे रिसीव्हर कुणीतरी हातातून काढून घेतल्याचा आवाज आला.

"हे बघा," घड्याळवाले म्हणाले, "पोरीला झोपवा आणि तिथेच बसा. ऑपरेटरबाईंना मी सावकाश घेऊन येतो. पंचवीस मिनिटं लागतील. निघताना दोन रिंग देतो."

"काका, तुम्ही नका देऊ," ती म्हणाली. "तुम्हाला दोनवर तोडता येणार नाही. आईला द्यायला सांगा."

फोन ठेवून तिने सायीचा चहा ओतून टाकला आणि दोन कपांचं नवीन आधण चढवलं, मग विचार करून तिसऱ्याचंही. चिमी पलंगावर आडवी होऊन डोळे चोळत होती. कपाळ गार होतं. फोन वाजला, एकदा, दुसऱ्यांदा, आणि थांबला.